प्रायमरमधल्या दोन गाड्या

पितृपंधरवडा लागला की माझा फोन गप्प होतो. या दिवसांत लोक मोबाइल घेतात, फ्रीजसुद्धा गपचूप जिन्यानं वर चढवतात, पण गाडी घेत नाहीत. जुनी गाडी तर नाहीच नाही. तिच्यात आधीच कोण कोण बसून गेलेलं असतं, त्यात दिवस हे असले. जुन्या गाड्यांचे नंबर वाचून गाडी अस्सल आहे की दोन-तीन गाड्यांचा जोडजमाव, हे सांगणं हा माझा साठीला टेकल्यावरचा उद्योग. हौशी लोक गाडी घेण्याआधी मला बोलावतात. तेव्हा वर्षातले हे पंधरा दिवस सक्तीची सुट्टी. तळेगावच्या घराच्या गॅलरीत बसून मी लोणावळ्याच्या बाजूचे ढग बघते आणि सुट्टी कधी संपते त्याची वाट बघते.

लोणावळं माझं माहेर. पर्यटकांना ठाऊक असलेलं लोणावळं आषाढातलं. भिजायचं, भजी खायची, चिक्कीचा डबा घ्यायचा आणि निघायचं. भाद्रपद उतरणीला लागल्यावरचं लोणावळं मात्र तिथं राहणाऱ्यांच्याच वाट्याला येतं. पाऊस दमलेला असतो, पण घरी जात नाही. सकाळी दहा वाजले तरी धुकं रस्त्यावर बसलेलं, मध्येच दोन तास लख्ख ऊन, की पुन्हा सगळं पांढरं. चपला, कमरेचे पट्टे, पुस्तकांच्या पाठी, सगळ्यांवर हिरवट बुरशी. आई कोळशाच्या शेगडीवर टोपली उपडी घालून कपडे वाळवायची, त्यामुळे घरातल्या सगळ्यांच्या अंगाला एकच वास यायचा. अजूनही कुठं शेगडीचा वास आला की मला गॅरेजमधला तो भाद्रपद आठवतो, आणि तो आठवावा असं मला मुळीच वाटत नाही.

बाजाराच्या मागल्या गल्लीत, घराला लागूनच, माझ्या वडिलांचं, अण्णांचं, डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. बंगलेवाल्यांच्या गाड्या यायच्या. पितृपंधरवड्यात एकही गिऱ्हाईक गाडी घरी न्यायचं नाही. "रंगवलेली गाडी म्हणजे नवीच की अण्णा, सर्वपित्री होऊ द्या," असं सांगून जायचे. मग अण्णा त्या दिवसांत सावकाशीची कामं काढत. पोचे काढायचे, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती घासून सपाट करायची, वरून प्रायमर मारायचा. नंबरप्लेटा, दिवे, चकचकीत पट्ट्या, सगळं उतरवून खोक्यात. गॅरेजमध्ये उरायच्या त्या बिननावाच्या करड्या गाड्या. धुकं आत शिरायचं आणि प्रायमर हाताला चिकटत राहायचा. अण्णा म्हणायचे, "लोणावळ्यात रंग वाळत नाही, कंटाळून बसतो."

माझ्याकडे कागदांचं काम होतं. बी.कॉम. झालेली, स्थळं बघणं चालू, तोवर रिकामी कशाला बसतेस म्हणून अण्णांनी मला वाहनांचे अर्ज भरायला बसवलं. तिथंच मी नंबर वाचायला शिकले. बाहेरची नंबरप्लेट दोन-चार स्क्रूंवर लटकलेली असते, तिच्यावर विसंबून राहू नये. खरा नंबर चेसिसवर, गाडीच्या सांगाड्याच्या लोखंडात ठोकलेला. त्यातली पुढची अक्षरं गाडीचं घराणं सांगतात, मधले आकडे साल, आणि शेवटचे आकडे त्या साली ती कितवी जन्मली ते. शिवाय बॉनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्यावर दोन रिव्हेटांनी मारलेला ॲल्युमिनियमचा बोटभर तुकडा असतो. अण्णा त्याला बिल्ला म्हणत. कारखान्यातून निघताना गाडीचा रंग कोणता, सीटचं कापड कोणतं, ते त्यावर आकड्यांत असतं. पुढं गाडी चार वेळा रंगवा, सीटं बदला, बिल्ला आपला पहिलंच सांगत राहतो. मला त्याची भारी मौज वाटायची. पांढऱ्याशुभ्र गाडीतून उतरणाऱ्या शेटजींना मी मनातल्या मनात म्हणायचे, तुमची गाडी मूळची शेवाळी आहे हो.

कागद बदलायचे असले की चेसिस नंबरचा छाप द्यावा लागे. रॉकेलच्या फडक्यानं नंबर पुसायचा, कोरडा करायचा, वर टायपिंगचा पातळ कागद धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासायची. करड्या पट्ट्यात पांढरे आकडे उमटत येतात. जोर दिला की कागद फाटतो. माझा हात हलका, म्हणून ते काम माझं. तीन छाप घ्यायचे. एक कचेरीला, एक मालकाला, आणि एक अण्णांच्या लांबुळक्या वहीत त्या गाडीच्या पानावर चिकटवायचा, बिल्ल्याच्या आकड्यांखाली. ती वही आता माझ्या कपाटात आहे. तिच्यातलं एक पान मी पस्तीस वर्षांहून जास्त काळ उघडलं नव्हतं.

यंदा पंधरवड्यातच, पंचमीच्या दिवशी, फोन वाजला. पुण्याचा कुणी तिशीतला मुलगा, कंप्युटरवर काम करणारा, पितर वगैरे मानत नसावा. "काकू, लोणावळ्यात एका बंगल्याच्या शेडमध्ये गाडी मिळालीय. आरसी पुस्तकातला चेसिस नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळत नाही. जरा बघता का? चोरीची असेल तर मला नको." मग त्यानं बंगल्याचं नाव सांगितलं. तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं, उद्या येते.

शेडचं दार सरकवायला आम्हा दोघांना जोर लावावा लागला. चारी टायर जमिनीला बसलेले, छतावर पाखरांची घाण. वरून क्रीम रंग. मी ड्रायव्हरच्या दाराचं रबर ओढलं, तर आत हिरवा. बॉनेट उघडून बिल्ला पुसला. रंग हिरवा, सीटं मरून. चेसिसवरचा नंबर पुसला, शेवटचे दोन आकडे अडतीस. मुलानं पुस्तक पुढं केलं, त्यात शेवटी अकरा. छाप घ्यायला गेले तर पहिला कागद फाटला. इतक्या वर्षांत माझ्या हातून कागद फाटला नव्हता. पुढच्या कप्प्यात दातपडका कंगवा होता आणि एक पिवळं फडकं, चौकोनी घडी घातलेलं. फडक्याचीसुद्धा अशी घडी घालणारा एकच माणूस माझ्या माहितीत होता.

"चोरीची आहे का?" मुलानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं, "बाकीचं घरी जाऊन कळवते."

त्या गाडीला हा प्रश्न पूर्वी एकदा विचारून झाला होता.

बबनभाऊ त्या बंगल्यावरचे ड्रायव्हर. गाव टाकवे बुद्रुक. साहेब मुंबईला, महिन्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस गाडी आणि बबनभाऊ. आठवड्यातून एकदा ते गावी जायचे आणि येताना माझ्या आईला बांधावरच्या काकड्या आणायचे. गाडी आमच्याकडे कामाला आली की तेही येऊन बसायचे. अण्णा त्यांना चिडवायचे, "बबन, गाडी दवाखान्यात घातलीय, तू काय बाळंतिणीपाशी बसल्यासारखा बसतोस?" ते हसून म्हणायचे, "न्हाई ओ अण्णा, एकटी ऱ्हायली की बुजती ती." जाताना त्या पिवळ्या फडक्यानं, प्रायमर मारलेली असली तरी, तिची काच पुसून जायचे.

त्या वर्षी साहेबांचे वडील वारले होते आणि गाडी साहेबांच्या नावावर करायची होती. गाडी मुळात परराज्यातली. जुन्या पुस्तकातली शाई लोणावळ्याच्या ओलीनं पसरली होती. इंजिनाचा नंबर वाचता येत होता, चेसिसचा नाही. नवं पुस्तक करायचं तर सगळी भिस्त माझ्या छापावर, ताडून पाहायला दुसरं काही नव्हतं. शेजारीच त्याच साच्याची दुसरी गाडी उभी होती, साताऱ्याच्या एका डॉक्टरांची, तीही रंगायला आलेली. दोन्ही प्रायमरमध्ये. खिडकीकडची बबनची, भिंतीकडची डॉक्टरांची, असं अण्णांनी सांगून ठेवलेलं. पहिल्या दिवशी मी दोन्हींचे बिल्ले लिहून घेतले. बबनभाऊंच्या गाडीचा छाप राहिला होता, तो दुसऱ्या दिवशी घेतला. पुस्तक होऊन आलं, सर्वपित्री झाली, गाडी क्रीम रंगात न्हाऊन बंगल्यावर गेली.

दिवाळीनंतर घाटाखालच्या एका चौकीपाशी पोलीस गाड्या तपासत होते. तशीच एक गाडी कुठून तरी चोरीला गेली होती. बबनभाऊंना थांबवलं, बॉनेट उघडलं, नंबर ताडला. इंजिन जुळलं, चेसिस जुळला नाही. म्हणजे यानं साहेबांच्या गाडीचं इंजिन काढून या भलत्याच गाडीत बसवलं आणि मूळची गाडी विकून खाल्ली, असा तर्क निघाला. तीन दिवस ते आत होते. साहेबांनी येऊन सोडवलं, पण कामावर ठेवलं नाही. गाडी शेडमध्ये घालून कुलूप ठोकलं. बाजारात नाव पडलं, गाडी बदलणारा बबन. लोणावळ्यात त्यांच्या हातात पुन्हा कुणी किल्ली दिली नाही. आणि खरं सांगायचं तर, आडनाव दुसरं असतं तर चौकीत त्यांना आधी खुर्ची मिळाली असती आणि मग चौकशी झाली असती. हे आम्हा सगळ्यांना तेव्हाही कळत होतं. बोललं कुणीच नाही.

ते आत असताना तिसऱ्या दिवशी त्यांची बायको गॅरेजवर आली. शेवंताबाई. माझ्याच वयाची, कडेवर पोर. एका जुन्या टायरवर बसून ती अण्णांना म्हणाली, "अण्णा, तुमी ती गाडी पार खरवडून बगितलीया. गाडी तीच हाय, एवढं सायबास्नी सांगा. तुमचं ऐकत्यात त्ये." अण्णा म्हणाले, "बघतो." मी चहा दिला. त्याच्यावर साय धरली, तिनं कपाला हात लावला नाही, उठून गेली.

ती गेल्यावर अण्णांनी वही काढली. एक पान उघडून बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. वही मिटली, कपाटात ठेवली आणि त्या कपाटाला पहिल्यांदाच कुलूप लावलं. पुढच्या महिन्यात माझं लग्न होतं. साहेबांना त्यांनी सांगितलं ते इतकंच, की माझ्याकडे आली तीच गाडी परत गेली. वहीचं नाव काढलं नाही. साहेबांचं काही त्यानं समाधान झालं नाही.

अण्णांच्या त्या बघण्यातून मी काय ते ओळखलं, आणि ओळखलं नाही असं ठरवलं. हे जमतं. लग्न, मुलं, बदल्या, यांच्या धबडग्यात वर्षानुवर्षं जमतं. फक्त भाद्रपद आला की जमेनासं व्हायचं. सासरी सासऱ्यांच्या श्राद्धाचं पान वाढताना माझ्या डोळ्यांपुढे सासरे यायचेच नाहीत, बबनभाऊ यायचे. ते तर जिवंत होते, टाकव्याला भात लावत होते. जिवंत माणूस पितरांच्या रांगेत येऊन उभा राहतो, याची मला भयंकर भीती वाटायची. गच्चीवर कावळा मान वाकडी करून बघायला लागला की वाटायचं, आता हा मला नंबर विचारणार. मी पान ठेवून मागं न बघता जिना उतरायचे. सगळ्यांना वाटायचं, सूनबाई किती रीत पाळते. अण्णा गेले, गॅरेज विकलं, तेव्हा मी फक्त वही मागून घेतली. भावाला वाटलं, आठवण म्हणून.

शेडमधून परत आले आणि जेवायच्या आधीच ते पान उघडलं. वर माझ्याच अक्षरात, बबनभाऊ, बंगला. बिल्ला हिरवा, मरून. आणि खाली माझ्या हलक्या हाताचा स्वच्छ छाप, शेवटी अकरा. पुढचं पान डॉक्टरांचं. तिथं अण्णांनी स्वतः पेननं नंबर उतरवला होता, त्याच्याही शेवटी अकरा. मी बबनभाऊंच्या पानावर डॉक्टरांची गाडी चिकटवली होती.

कसं झालं तेही मग लख्ख आठवलं. छाप घेतला तो दिवस आजोबांच्या श्राद्धाचा. कावळे यायचे ते नेमके गॅरेजच्या खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर, म्हणून पान तिथं ठेवायची आमची पद्धत. खिडकीपर्यंत वाट हवी म्हणून दोन्ही गाड्या ढकलून अंगणात काढल्या होत्या. कावळ्यानं त्या दिवशी फार अंत पाहिला. तो शिवतोय न शिवतोय तोच सर आली, तेव्हा बाहेरच्या गाड्या हाताला येतील तशा आत ढकलल्या. मी स्वयंपाकघरात वडे तळत होते. जेवणं झाल्यावर म्हटलं, तेवढा छाप उरकून टाकू. खिडकीकडे गेले. खिडकीकडची बबनची. बिल्ल्यावर एक नजर टाकली असती तरी पुरे होतं. बिल्ला कालच लिहून झालाय म्हणून मी बघितला नाही.

त्या मुलाला लेखी हवं होतं. चार कागद फाडले तेव्हा एक जमला. गाडी चोरीची नाही, ती मूळचीच आहे, पुस्तकातला नंबर शेजारच्या गाडीचा आहे, छाप घेताना माझी चूक झाली. खाली दोन्ही गाड्यांचे छाप, यंदाचा आणि वहीतला. आणि सही, माहेरच्या नावानं. मुलाचा निरोप आला, "थँक्यू काकू, टेन्शन गेलं." त्याचं गेलं याचा मला रागच आला. मग मी त्याच कागदाची दुसरी प्रत केली आणि सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी कान्हे फाट्यावरून टाकव्याला गेले.

आंदर मावळात भात निसवलं होतं. बसच्या खिडकीतून इंद्रायणी भाताचा वास आत येत होता. बांधांवर तेरडा, वरच्या उतारांवर सोनकी, आणि मी मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसलेले. एक वाक्य घोकत होते. वही मी उघडली नव्हती. वही मी उघडली नव्हती.

शेवंताबाईचं घर आता सिमेंटचं आहे. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बबनभाऊंचा फोटो. ते चार वर्षांपूर्वी गेले, हे मला त्या फोटोवरून आणि मग तिच्याकडून कळलं. म्हटलं, या दिवसांत आले, त्यांच्या नावानं पान वगैरे ठेवायचं असेल तर.

"आमच्यात पान ठेवत न्हाईत, ताई," ती म्हणाली. "मेलेल्याला कावळ्यासंगं काय निरोप धाडायचा. बसा."

मग मी सांगितलं. गाड्या, खिडकी, श्राद्ध, छाप, सगळं. कागद तिच्यापुढं ठेवला. तिनं विचारलं, "ह्यातला आमच्या गाडीचा कंचा?" मी अडतीसवर बोट ठेवलं. तिनं आकड्यांवरून बोट फिरवलं, बोटाला पेन्सिल लागली, ती पदराला पुसली.

"मी आल्ते तवा तुमी हुता तितं. च्या दिलाता मला."

"हो."

"तवा ठाव हुतं?"

वाक्य तयार होतं. पण तिच्या तोंडावर ते म्हणवलं नाही. म्हटलं, "वही उघडली नव्हती. पण माहीत होतं."

आत सुनेनं मिक्सर लावला होता, तो थांबला. शेवंताबाई उठली, पायात चपला सरकवल्या. "चला. मला सांगून काय उपेग? मला ठावच हुतं. ज्येंनी त्येंला चोर म्हनलं त्येंला सांगा."

एसटीच्या थांब्याजवळ चहाचं दुकान आहे. बाकड्यावर चार म्हातारे बसले होते. शेवंताबाई त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "ह्या लोनावळ्याच्या अण्णा पेंटरच्या लेक. आमच्या कारभाऱ्यांच्या त्या गाडीचं सांगायचंय ह्येंला." मी कागद वाचला. माझी चूक झाली, हे शब्द दोनदा वाचले. एका टोपीवाल्या आबांनी बशी खाली ठेवली.

"म्हंजी बबन न्हाई न्हाई म्हनत हुता, त्ये खरंच हुतं म्हना की."

"शेवटाला न्हाई म्हनायचं सोडलं हुतं त्येंनी," शेवंताबाई म्हणाली. "म्हनायचे, येवडी मानसं म्हनत्यात तर आसंल बाई, माज्याच हातनं कवातरी काय झालं आसंल."

दुकानदारानं स्टोव्ह बारीक केला. मी कागदाची घडी घालायला लागले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"पुन्ना वाचा, ताई. त्या कडंच्या आबांना ऐकाय कमी येतं."

मी कागद उघडला आणि पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं, पुन्हा वाचायला लागले.